विजेवर चालणारी छोटी मालवाहू गाडी : शेतकऱ्याला परवडेल का?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सकाळपासून आपण प्रदर्शनाच्या मंडपात फिरत आहात. ठिबक संच झाले, आच्छादनाचे कागद झाले, रोपांचे ट्रे झाले. पण गर्दी सर्वांत जास्त होती ती मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या विजेवरच्या मालवाहू गाडीभोवती. मीही तिथे पाऊण तास उभा होतो. येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारत होता, "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?" आणि दुसरा, "किंमत किती?" गाडी एका दमात किती जाते ते कंपनी सांगेल. तुमच्याकडे ती वर्षभरात किती चालणार आहे, हे कंपनीला सांगता येणार नाही. आणि किंमत वसूल होणार की नाही हे त्यावरच ठरते. म्हणून आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

हा विषय माझ्या घरातला आहे, हेही आधीच सांगतो. १९८८ साली माझ्या वडिलांनी कर्ज काढून एक जुनी मॅटॅडोर घेतली होती. टोमॅटो आणि कांदा स्वतःच्या गाडीतून बाजारात न्यायचा, भाडे वाचवायचे, असा विचार. विचार चुकीचा नव्हता. पण हंगामाचे चार महिने गाडी पळे आणि उरलेले आठ महिने चिंचेखाली उभी राही. हप्ता मात्र बाराही महिने पळत होता. शेवटी ओढ्याकाठची वीस गुंठे जमीन विकून ते कर्ज फेडले. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला माझा धाकटा भाऊ विजेवरच्या गाडीचे माहितीपत्रक घेऊन घरी आला, तेव्हा आमच्या आई एवढेच म्हणाल्या, "चिंच अजून आहे."

आता गाडीकडे वळू. २००५ साली टाटांची एस ही गाडी आली आणि तिला आपण 'छोटा हत्ती' म्हणू लागलो. त्याच गाडीचा विजेवरचा अवतार मे २०२२ मध्ये जाहीर झाला. ६०० किलो माल आणि १५४ किलोमीटर प्रमाणित पल्ला, असे त्याचे वर्णन होते. २०२४ मध्ये त्यातच एक टन माल नेणारा प्रकार आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्रांची झिओ आली, जून २०२५ मध्ये टाटांनीच ७५० किलोची आणखी लहान गाडी काढली. म्हणजे निवडीला आता वाव आहे. परंतु या सर्व गाड्या मुळात शहरातल्या वाटपासाठी, म्हणजे गोदामातून दुकानात माल पोहोचवण्यासाठी घडवलेल्या आहेत. पाणंद, ओढा आणि काळी जमीन हे त्यांचे माहेर नव्हे. आपण त्यांना सासरी आणणार आहोत, तेव्हा आधी चौकशी करणे आले.

प्रमाणित पल्ला आणि आपला पल्ला

माहितीपत्रकावर छापलेला पल्ला खोटा नसतो. ठरलेल्या पद्धतीने चाचणी होऊनच तो आकडा मिळतो. पण चाचणीत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या क्रमाने चालते. तिथे पाणंद नसते, चढ नसतो आणि वर चार पोती जास्त टाकणारा शेजारी नसतो. आपल्याकडे माल भरलेली गाडी, थोडा खराब रस्ता आणि दोन-तीन वर्षे वापरलेली बॅटरी धरली, तर १५० किलोमीटरचा पल्ला ९० ते १०० वर येतो असे समजून चालावे. अमेरिकेत फोर्ड कंपनीची विजेवरची मोठी पिकअप गाडी २०२२ पासून ग्राहकांना मिळू लागली. मागे ट्रेलर जोडला की तिचा पल्ला निम्म्याच्या आसपास येतो, हे तिथल्या चाचण्यांत वारंवार दिसले. डिसेंबर २०२५ मध्ये त्या गाडीचे उत्पादन थांबवून, बॅटरीला इंजिनाची जोड असलेली गाडी काढण्याचे कंपनीने जाहीर केले. तिथले रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या. पण ओझे ओढताना बॅटरी लवकर रिकामी होते, हा नियम सगळीकडे सारखाच.

हिशेब

बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढा भाग वहीत उतरवून घ्या. मी एक उदाहरण मांडतो. आकडे उदाहरणासाठी आहेत, प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील विक्रेत्याकडून लेखी दर घेऊन ते बदलावेत.

समजा, डिझेलची छोटी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ६ लाख ५० हजार रुपयांना पडते आणि तेवढाच माल नेणारी विजेची गाडी ९ लाख ५० हजारांना. फरक ३ लाखांचा. हे ३ लाख १० टक्के व्याजाने, आठ वर्षांवर सारखे पसरले तर वर्षाला सुमारे ५६ हजार रुपये होतात. आठ वर्षे अशासाठी, की बॅटरीची हमी साधारण सात-आठ वर्षांची मिळते. त्यापुढे बॅटरी चालली तर तो नफा समजावा, भरवसा ठेवू नये.

आता बचत. डिझेलची गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते आणि डिझेल ९२ रुपये लिटर आहे असे धरू. किलोमीटरला ५ रुपये १० पैसे झाले. विजेची गाडी, भिंतीतल्या प्लगपासून मोजले तर, एका युनिटला साधारण ४ किलोमीटर जाते. प्लगपासून मोजा असे मी मुद्दाम सांगतो, कारण बॅटरीत वीज भरताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जाते आणि मीटर तीही मोजतो. युनिट १० रुपयांना पडले तर किलोमीटरला अडीच रुपये. इंधनात बचत २ रुपये ६० पैसे. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही, म्हणून देखभालीत आणखी ५० पैसे धरू. सगळी मिळून किलोमीटरला ३ रुपये बचत.

५६ हजाराला ३ ने भागा. १८,७०० किलोमीटर. वर्षातले ३०० दिवस गाडी चालवली तर रोज सुमारे ६२ किलोमीटर. इतकी धाव झाली तर विजेची गाडी डिझेलच्या बरोबरीला येते, फायदा त्याच्या पुढे.

आता मघाचा आकडा आठवा. एका चार्जिंगमध्ये आपला खरा पल्ला ९० ते १००. म्हणजे रोज ६० पेक्षा कमी चालवली तर किंमत निघत नाही आणि ९० पेक्षा जास्त चालवायची तर वाटेत चार्जिंग शोधावे लागते. या दोन आकड्यांच्या मधली वाट अरुंद आहे. जो शेतकरी जवळजवळ रोज ६० ते ९० किलोमीटर जातो, त्याच वाटेने जातो आणि रात्री घरी परततो, त्याच्यासाठी ही गाडी आहे. दूध संकलन करणारा, रोज भाजी किंवा फुले बाजारात नेणारा, अंडी वाटणारा, रोपवाटिकावाला, हे त्यात बसतात. डाळिंब, सोयाबीन, कांदा, आंबा असा हंगामी माल असणारा सहसा बसत नाही, मग तो कितीही मोठा बागायतदार असो.

आणखी एक गोष्ट बँकेच्या दारात आठवावी. कर्ज आठ वर्षांचे मिळत नाही, बहुधा पाचच वर्षांचे मिळते. वरच्या ३ लाखांचाच पाच वर्षांचा हप्ता महिन्याला जवळजवळ ६,४०० रुपये, वर्षाला ७६ हजारांच्या वर. म्हणजे पहिली पाच वर्षे निव्वळ बचतीतून जादा हप्ता भागवायचा तर रोज ८५ किलोमीटर हवेत. तितके नसतील तर फरक खिशातून घालावा लागेल, त्याची तयारी आधीच असावी. विजेच्या मालवाहू गाडीला काही वित्तसंस्था व्याजही जास्त लावतात, कारण जुन्या गाडीला पुढे काय भाव येईल याचा त्यांना अंदाज नसतो. आपल्यालाही नाही. दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्यावेत.

विजेचा दर

वरच्या हिशेबात मी युनिटचा दर १० रुपये धरला, पण गोम इथेच आहे. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते : पहिली १०० युनिटे, मग ३००पर्यंत, मग ५००पर्यंत. आज तुमचे बिल ९० युनिटांचे असेल तर तुम्हाला वीज स्वस्त वाटते. रोज ६२ किलोमीटर गाडी चालवली तर महिन्याला जवळजवळ ४०० युनिटे जादा लागतात, आणि ती सगळी वरच्या टप्प्यांत जाऊन बसतात. म्हणून मागच्या बिलाला युनिटांनी भागून येणारा दर गाडीला लावू नका. युनिट १४ रुपयांना पडले तर बचत किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडी वर राहते आणि बरोबरीसाठी रोज जवळजवळ ९० किलोमीटर लागतात. म्हणजे ती अरुंद वाट बंदच झाली. सार्वजनिक केंद्रावर युनिटला १८-२० रुपये मोजले तर इंधनातली बचत नावालाच उरते. महावितरणमध्ये वाहन चार्जिंगसाठी वेगळा ग्राहकवर्ग आहे, त्याला घरगुती विजेसारखी टप्प्यांची चढण नाही. वेगळे मीटर घेणे फायद्याचे ठरेल का, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारावे.

याउलट, घराच्या छतावर स्वतःचे सौर पॅनेल असतील आणि युनिट ४ रुपयांच्या आसपास पडत असेल, तर रोज ४० किलोमीटरलाही बरोबरी होते. माझ्या मते ज्याने आधी छतावर सौर संच बसवला त्यानेच पुढे या गाडीचा विचार करावा, क्रम उलटा करू नये.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येणार नाही. पंपाची वीज पंपासाठी सवलतीने मिळते. ती गाडीला लावणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. "विहिरीवर कोण बघायला येतो?" असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याच्या सल्ल्याने दहा लाखांच्या वस्तूचा व्यवहार करू नये.

घरच्या जोडणीचीही तपासणी करावी. १६ अँपिअरच्या साध्या प्लगवर अशी गाडी भरायला सहा-सात तास लागतात आणि तेवढा वेळ सुमारे ३ किलोवॉटचा भार सतत चालू राहतो. आपल्याकडे कित्येक घरांचा मंजूर भार त्याहून कमी आहे, तो आधी वाढवून घ्यावा लागेल. लाइनच्या शेवटी असलेल्या वस्तीवर संध्याकाळी दाब १७०-१८० व्होल्टवर येतो. चार्जर तेव्हा हळू भरतो किंवा बंद पडतो. वायरमनला बोलावून रात्री आठ ते दहाच्या दरम्यान चार-पाच दिवस दाब मोजून घ्या. अर्थिंगचा खड्डा नव्याने, मीठ-कोळसा घालून, नीट करून घ्या. गोठ्यातल्या जुन्या प्लगवर ही गाडी कधीही लावू नये.

कोकणातल्या बंधूंनी आणखी एक विचार करावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. घरात एकच गाडी असेल आणि ती विजेवरची असेल, तर अशा दिवसांत दवाखान्यात कशाने जायचे, हे आधी ठरवून ठेवावे.

पाणंद, घाट आणि ओढा

"पाणंदीत चालेल का?" हा प्रश्न मंडपात एका आजोबांनी विचारला, आणि तो फार चांगला प्रश्न होता. ओढीच्या भाषेत सांगतो. माल धरून दोन टनांची गाडी डांबरी रस्त्यावर चालवायला ३० किलोच्या आसपास ओढ लागते. सुक्या मुरमाड वाटेवर ती दुपटीहून जास्त होते. ओल्या काळ्या जमिनीत २०० किलोच्याही पुढे जाते. चांगली बैलजोडी सतत ६० ते ८० किलो ओढते, यावरून अंदाज करा. विजेच्या मोटारीला जागेवरूनच पूर्ण जोर असतो, क्लच जळण्याची भीती नाही, त्यामुळे गाडी पाणंदीतून सुरू छान होते. वीजही तुम्ही घाबरता तितकी जात नाही. दोन किलोमीटर चिखलाला जेवढी वीज लागते तेवढ्यात डांबरीवर साधारण सात किलोमीटर झाले असते. रोज तेवढे सोडून द्यावेत.

खरी अडचण ताकदीची नाही, चाकाच्या पकडीची आहे. या गाड्यांची चाके लहान, पोट जमिनीजवळ आणि त्याच पोटात बॅटरी. मधला उंचवटा ठेवणारी, ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी असेल तर गाडी पोटावर बसते, आणि बॅटरीच्या पेटीला दगड लागला तर तो खर्च हमीत धरला जाईलच असे नाही. बॅटरीवर 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जात नाही, असा त्या चाचणीचा अर्थ. ती चाचणी नव्या, घट्ट पेटीची असते. चार वर्षे दगडधोंड्यांवरून गेलेल्या पेटीने वाहता ओढा ओलांडायचा परवाना म्हणून त्या अक्षरांकडे पाहू नये. गाडी धुतानाही प्रेशरचा पंप नारिंगी वायरी आणि जोडांवर मारू नये.

घाटाबद्दल मात्र लोक उगाच धास्तावतात. एक मालवाहू दोन टनी गाडी १०० मीटर उंच चढायला साधारण ६५ पैसे युनिट, म्हणजे पाऊण युनिटाहून कमी वीज खाते. आणि उतरताना मोटार जनित्रासारखी फिरून त्यातली बरीचशी परत करते. आमच्या ओतूरच्या बाजूचा शेतकरी माळशेज उतरून कल्याणला माल नेतो. तो भरलेला उतरतो आणि रिकामा चढतो. विजेच्या गाडीला याहून सोयीचा घाट नाही! सहाशे मीटरचा चढ रिकाम्या गाडीला दोन-सव्वादोन युनिटांत होतो. तरीही ओतूर-कल्याण या गाडीच्या आटोक्यात नाही, कारण जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर होतात. अडवतो तो घाट नव्हे, अंतर. तोच शेतकरी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जात असेल तर प्रश्नच नाही. उलट देवगडकडून आंबा घेऊन घाट चढून कोल्हापूरला जाणारा भरलेला चढतो, त्याने वीज पूर्ण धरावी. आणि पाचगणीहून स्ट्रॉबेरी घेऊन पसरणीचा घाट उतरणाऱ्याने निघताना बॅटरी काठोकाठ भरू नये, ८५-९० टक्क्यांवर थांबावे. भरलेल्या रांजणात आणखी पाणी मावत नाही, तसे भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हाचा विचार हवा. बाजारातून येऊन तापलेली गाडी लगेच प्लगला लावू नये. सावलीत तास-दोन तास निवू द्यावी, मग लावावी. पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाची सावली बरी. (चिंचेचा असाही उपयोग आहे.)

वजनाची सवय

आपल्या सवयीबद्दल थोडे कडू बोलतो. छोट्या हत्तीत आपण दीड टन भरतो आणि तो बिचारा धूर सोडत जातो, म्हणून ती गाडी दीड टनांची आहे असे आपल्याला वाटू लागले आहे. कागदावर ७५० किलो म्हणजे कांद्याची ५० किलोची १५ पोती, किंवा टोमॅटोचे भरलेले ३४ क्रेट. त्याहून जास्त भरणे डिझेलच्या गाडीलाही बेकायदा आणि वाईटच, पण विजेच्या गाडीत त्याची नोंद राहते. मोटार आणि बॅटरीवर किती ताण आला हे गाडीतला संगणक लिहून ठेवतो, आणि हमीचा वाद झाला तर ती नोंद उघडली जाते. तेव्हा हिशेब करताना आज ६० क्रेटची एक खेप होत असेल तर उद्या दोन खेपा धराव्यात. दोन खेपांत किलोमीटर वाढतात, वेळही दुप्पट लागतो, आणि लिलावाची वेळ कोणासाठी थांबत नाही.

सवलती

सवलतींविषयी थोडक्यात. राज्याच्या २०२५ च्या वाहन धोरणात विजेच्या वाहनांना मोटार वाहन करात सूट आहे आणि मालवाहू गाड्या व ट्रॅक्टरही प्रोत्साहनाच्या यादीत आहेत. पण रक्कम प्रत्यक्ष दरातून वजा होते की नंतर मिळते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. मिळणार असलेल्या अनुदानावर हप्ता बांधू नये. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतले ट्रकचे अनुदान एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या ट्रकांना आहे, आपल्या छोट्या गाडीला नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल-पेट्रोलच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. साडेसहा लाखांच्या गाडीमागे तो फरक सुमारे ५० हजारांचा होतो. विजेच्या गाडीवर तो आधीपासून ५ टक्केच होता. म्हणजे दोन गाड्यांमधले अंतर त्या दिवशी वाढले. त्याआधी कोणी हिशेब मांडून ठेवला असेल तर तो पुन्हा मांडावा.

वही

भावाला मी नाही म्हणालो नाही. त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितले, वर्षभर रोजची धाव लिही. तारीख, कुठे गेलास, किलोमीटर किती, माल किती, आणि परत येताना गाडी रिकामी होती की भरलेली. भाड्याच्या गाडीने गेलास तरी लिही. एका महिन्याची नोंद पुरत नाही, कारण ऐन हंगामातला महिना धरला तर कोणतीही गाडी परवडते आणि जूनमधला धरला तर सायकलसुद्धा परवडत नाही.

वर्षअखेर बेरीज केली. १७१ दिवस धाव झाली होती, एकूण ९,४०० किलोमीटर. किलोमीटरला ३ रुपयांप्रमाणे बचत २८,२०० रुपये आणि जादा बोजा ५६ हजार. वर्षाला २८ हजारांची तूट. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "दादा, हे पेट्रोल पंपावर उभे राहणे नको झाले आहे, म्हणून घ्यायची होती." हौसेलाही किंमत असते, त्यात लाज नाही. पण ती वर्षाला २८ हजार आहे, हे माहीत असावे.

आमच्याच वाडीवर एक दूध संकलन करणारे गृहस्थ आहेत. सकाळी ३६ किलोमीटरची एक फेरी, संध्याकाळी तेवढीच दुसरी, ४० लिटरचे पंधरा कॅन, वर्षातले सगळे दिवस. त्यांची वही वेगळे सांगत होती : वर्षाला जवळजवळ २६ हजार किलोमीटर, बचत ७७ हजारांच्या पुढे. त्यांनी गाडी घेतली. दोन फेऱ्यांच्या मध्ये दुपारी ती छतावरच्या सौर विजेवर चार्ज होते. दोन पावसाळे झाले. दुसऱ्या पावसाळ्यात चार्जिंगच्या जोडात ओल शिरून गाडी पाच दिवस बंद पडली. गावातल्या मिस्त्रीने हात लावायला नकार दिला आणि कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. दूध थांबत नाही. पाच दिवस भाड्याची जीप लावली, त्यात महिन्याची बचत गेली. तरीही पुन्हा हीच घेईन, असे ते म्हणतात. तुम्हीही गाडी घेण्यापूर्वी सर्वांत जवळचे दुरुस्ती केंद्र किती किलोमीटरवर आहे ते विचारा, आणि वर्षाला पाच-सात दिवस भाड्याच्या गाडीचे हिशेबात धरा.

विक्रेत्याकडे चाचणीसाठी गाडी मागाल तेव्हा शोरूमच्या रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नका. गाडी आपल्या शेतावर मागवा. आपलेच क्रेट, आपलीच पाणंद, आपलाच बाजार. निघताना किती टक्के बॅटरी होती आणि परतल्यावर किती उरली ते लिहून ठेवा. निम्म्याहून जास्त उरली तर ती वाट या गाडीला पुढची सात-आठ वर्षे झेपेल. विक्रेता शेतावर यायला तयार नसेल तर दुसरा विक्रेता शोधावा.

चार-पाच जणांनी किंवा उत्पादक कंपनीने मिळून गाडी घेतली तर किलोमीटर वाढतात, हे खरे. पण आमच्या वाडीवर तो प्रयोगही करून पाहिला. भावाने दूधवाल्यांना विचारले, की दुपारी गाडी मोकळी असते तर माझे टोमॅटो नारायणगावला न्याल का? दुपारी गाडी मोकळी नसते, चार्ज होत असते. टोमॅटो नेले तर संध्याकाळच्या दुधाला बॅटरी पुरत नाही. डिझेलच्या गाडीत हा पेच कधी पडला नसता. तेव्हा भागीदारी करताना कोणाची गाडी कोणत्या वेळी प्लगला असणार, हे कागदावर लिहून मगच सह्या कराव्यात.

भावाने गाडी घेतलेली नाही. यंदा त्याने वीस गुंठे शेवंती लावली आहे. फुलांना जवळजवळ रोज बाजार लागतो, त्यामुळे वहीतले रिकामे दिवस कमी होत चालले आहेत. दुसरी वही निम्मी भरली आहे. मार्चअखेर पुन्हा बेरीज करू. आपणही आजपासून वही घातलीत, तर पुढच्या मेळाव्याला ती घेऊन या. कृषी अभियांत्रिकी विभागाच्या दालनात बसून आपण तुमचा हिशेब मांडू.